दुपारचा भुंगा

३ तारीख, मंगळवार

नाना आले. एका बॅगेत कपडे आणि दोन बॅगांत रेकॉर्डी. माणसाला काय महत्त्वाचं वाटतं ते सामानावरून कळतं. नाना म्हणजे माझे सासरे. जन्मभर लोकांचे पियानो सुरात लावत हिंडले. गेल्या वर्षी जिने चढवत नाहीत म्हणून काम सोडलं. गेल्या आठवड्यात न्हाणीघरात घसरले. हाड वाचलं, पण बायकोच्या काळजाचा ठोका चुकला तो अजून जागेवर आलेला नाही.

उंबरठ्यावरच त्यांनी जाहीर केलं, की मुक्काम फक्त महिनाअखेरपर्यंत. स्वतःच्या घराची किल्ली शर्टाच्या खिशात ठेवली आहे आणि बोलता बोलता तिच्यावर हात ठेवतात, जणू कुणी ती पळवणार आहे.

बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून धोरण समजावलं. नानांना एकट्याने तिथे परत जाऊ द्यायचं नाही. पण ते सांगून ऐकणाऱ्यांतले नाहीत, म्हणजे त्यांचं मन इथे रमलं पाहिजे. मन रमायला संगीत पाहिजे. आणि संगीत पाहिजे तर माझा जुना स्टिरिओ माळ्यावरून खाली आला पाहिजे. अनुमानाच्या सगळ्या पायऱ्या बिनचूक होत्या. शेवटची तेवढी शिडीची निघाली.

४ तारीख, बुधवार

स्टिरिओ चालू झाला, असं म्हणायला हरकत नाही. मात्र संगीताच्या आधी, संगीताच्या खाली आणि संगीत संपल्यावरही एक 'हूंऽऽ' ऐकू येतो. अनादि, अनंत, निर्विकार. तत्त्वज्ञ ज्यासाठी जन्म घालवतात ते मला माळ्यावर धूळ खात सापडलं.

नाना खुर्ची ओढून समोर बसले. डोकं किंचित कलतं करून ऐकलं आणि म्हणाले, "हा 'जी' नाही, आणि त्याच्या वरची काळी पट्टीही नाही. दोघांच्या मधे लोंबकळतोय. ज्याला सुरात यायचं नाही त्याने निदान गप्प बसावं."

अर्धी बाजू संपायच्या आत उठून खोलीत गेले. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो 'हूं' मीच काढत होतो.

६ तारीख, शुक्रवार

आमच्या वर्तमानपत्रातला छायाचित्रकार स्टिरिओच्या नादापायी दोनदा कर्जबाजारी झालेला आहे. कचेरीत त्याला डेसिबल म्हणतात. त्याला फोन केला. तो म्हणाला, आवाजाचं बटण वाढवून बघ. हूं वाढला तर दोष बटणाच्या आधी आहे, तसाच राहिला तर नंतर. वाढला. मग सगळ्या वायरी काढ, म्हणाला, आणि एकेक लावत जा.

ही पद्धत मी संस्कृतच्या वर्गात शिकलो आहे. हेही नव्हे, तेही नव्हे, करत उरेल ते सत्य. आमचे गुरुजी ती ब्रह्म शोधायला वापरायचे. मी दिवाणखान्यात चटईवर पालथा पडून वापरली. रेकॉर्ड प्लेअरला एक बारीक हिरवी वायर आहे, ती अॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला जोडायची असते. ती जादाची समजून मी तिची छान गुंडाळी करून टेप लावून ठेवली होती. जोडली. नव्वद टक्के ब्रह्म नाहीसं झालं.

९ तारीख, सोमवार

उरलेलं दहा टक्के टीव्हीच्या केबलमधून येत होतं. ती उपटली. आता रात्री बातम्यांना आवाज नाही, पण बातम्या मी स्वतःच लिहीत असल्यामुळे नुकसान कळून आलं नाही.

संध्याकाळी नानांनी रेकॉर्डच्या दोन्ही बाजू बसून ऐकल्या. किल्लीला हात लावला नाही, हे मी मुद्दाम पाहिलं. बायको खुशीत आहे. मला म्हणाली, "फोनवर मला सारखं वाटायचं की यांना ऐकू येईनासं झालंय. कान तपासून घ्या म्हणून वर्षभर मी मागे लागले आणि वर्षभर भांडले. आणि इथे बघ, विचारायच्या आत उत्तर तयार. फोनच खराब असणार तो."

मी दुजोरा दिला. जिने चढून दमलेला माणूस फोनवर कमी बोलतो, असं मी एक कारणही पुरवलं. नाना चाळीस वर्षं कानांवर जगलेले. त्यांच्या कानांविषयी शंका घेणं म्हणजे आचाऱ्याला मीठ कळतं का विचारणं.

११ तारीख, बुधवार

नवा पाहुणा. दुपारच्या जेवणानंतर बायको ग्रंथालयात, नाना खोलीत पडलेले, आणि मी नगरपालिकेच्या फुटलेल्या जलवाहिनीवर लिहीत बसलेलो असताना स्टिरिओतून भुंगा यायला लागला. हा 'हूं' नव्हे. बारीक, कोरडा, कागद आणि कंगवा ओठांशी धरून फुंकल्यासारखा. संध्याकाळी बायको आली तेव्हा तिला ऐकवायला गेलो, तर बेटा गायब. तिने कान दिला, मग माझ्या कपाळाला हात लावून ताप नाही ना ते पाहिलं.

१३ तारीख, शुक्रवार

भुंगा दुपारी येतो. रोज. नानांना साक्षीला बोलवावं म्हणून त्यांचं दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. गाढ झोप. या वयात अशी झोप लागणं भाग्याचं आहे.

थोड्या वेळाने पाणी प्यायला स्वतःच बाहेर आले. मी खुणेनेच त्यांना स्पीकरपाशी नेलं, कारण मला भुंगा बोलण्यात बुडवायचा नव्हता. तेव्हा मी खरं कसब पाहिलं. त्यांनी कान लावलाच नाही. स्पीकरच्या लाकडावर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि वैद्याने नाडी पाहावी तसे थांबले. मग म्हणाले, "स्वच्छ आहे." आणि लगेच खोलीत गेले.

आता पंचाईत अशी, की भुंगा तेव्हा चांगला सणसणत होता. पण एकीकडे मी, ज्याला शाळेच्या प्रार्थनेत नुसते ओठ हलवायला सांगत; आणि दुसरीकडे नाना. प्रमाण कोणाचं मानायचं? मला स्वतःच्या कानांची भीती वाटू लागली आहे. रात्री उशीवर कान दाबून पाहिला. भुंगा नव्हता. समुद्र होता, पण तो सगळ्यांनाच असतो.

१७ तारीख, मंगळवार

इलेक्ट्रिशियन सकाळी आला. सकाळी भुंगा नसतो, हे मी त्याला सांगितलं. दुपारी त्याला दुसरीकडे काम असतं, हे त्याने मला सांगितलं. मग त्याने सगळे बोर्ड उघडून आत टॉर्च मारला आणि निदान केलं, "अर्थिंग." आमचा पंखा, गीझर आणि शेजाऱ्यांची घंटा, तिघांनाही याआधी त्याने हाच रोग सांगितलेला आहे. सर्वव्यापी कारणाने काहीच सिद्ध होत नाही, हे त्याला न्यायशास्त्राच्या आधारे समजावून सांगितलं. त्याने चहा संपवला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही शिकलेले. पण अर्थिंगच."

नाना इलेक्ट्रिशियनच्या पाठीमागे उभे राहून बारकाईने पाहत होते. त्यांच्या खोलीतला बोर्ड उघडायची वेळ आली तेव्हा म्हणाले, माझं सामान पसरलंय, तिथलं नंतर. भिडस्त माणूस. कपाटावर चष्म्याच्या डबीएवढी एक पेटी होती, ती त्यांनी पटकन उशीखाली सरकवली. रेकॉर्डची सुई वगैरे ठेवत असतील.

१९ तारीख, गुरुवार

आज शास्त्रोक्त बसलो. जे असताना भुंगा असतो आणि जे नसताना नसतो, ते कारण. फ्रिज चालू असताना भुंगा असतो, पण रात्रीही फ्रिज चालू असतो आणि भुंगा नसतो. फ्रिज निर्दोष. माझ्या टेबलावरचा दिवा निर्दोष. मोबाइलचा चार्जर मला फार दिवसांपासून आवडत नव्हता, पण तोही निर्दोष.

शेवटी एकच गोष्ट नियमाला उतरली. नानांचं दार बंद झालं की भुंगा सुरू होतो, नाना झोप आटोपून बाहेर आले की बंद होतो (पाणी प्यायला मधेच आले ते धरायचं नाही). परवा ते लवकर उठले, भुंगाही लवकर थांबला. रात्री झोपतात तेव्हा दार उघडं असतं, कारण पडल्यापासून बायकोचा तसा हुकूम आहे. आणि तेव्हा भुंगा नसतो.

म्हणजे निष्कर्ष काय, तर सासऱ्यांच्या दुपारच्या झोपेने स्टिरिओ भुणभुणतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, त्यातला हा प्रकार. आमच्या शास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात आणि त्यावर विश्वास ठेवणाऱ्याला हसतात. मी हसलो आणि मुद्दा खोडला.

२० तारीख, शुक्रवार

विजय. डेसिबलने सुचवलं म्हणून भुंगा चालू असताना मुख्य बोर्डावरचे खटके एकेक करून खाली केले. स्वयंपाकघर, भुंगा चालू. न्हाणीघर, चालू. नानांची खोली, बंद. खटका वर केला, हजर. खाली, गप्प. म्हणजे त्या खोलीतली वायर कुजकी आहे. कावळा नव्हता, फांदीच किडलेली होती.

इलेक्ट्रिशियनला फोनवर सांगितलं. म्हणाला, बघा, अर्थिंग. पुढच्या महिन्यात येतो.

तोवर सोपा उपाय. दुपारी जेवणं झाली की तो खटका खाली करायचा आणि बायको यायच्या आधी वर करायचा. हवा थंड आहे, पंखा लागत नाही. उजेड खिडकीतून येतो. आणि झोपेला वीज लागत नाही. नानांना सांगून उगाच का बोजा टाका? माझ्यामुळे तुमच्या संगीतात विघ्न, असं म्हणून उद्याच किल्ली काढतील.

२३ तारीख, सोमवार

चार दुपारी नितळ शांतता. काल रविवार म्हणून संगीत बंद ठेवलं, पण खटका मात्र न विसरता खाली केला. सवय म्हणजे सवय. जलवाहिनीचा लेख उत्तम उतरला.

नानांचं मात्र काहीतरी बिनसलंय. शनिवारी रेकॉर्ड लावली तर मधेच उठून गेले. इतकी स्वच्छ ऐकू येत असताना. जेवताना गप्प असतात. मी नळाच्या बातमीवर एक बरा विनोद केला, तर माझ्याकडे पाहून नुसते हसले, तेही मी हसून झाल्यावर. घराची ओढ लागली असावी.

२४ तारीख, मंगळवार

बायकोने आज रात्री जेवताना विचारायचं ठरवलं होतं. दुपारपासून मनात घोकत असणार, कारण ग्रंथालयातून फोन करून मला सांगितलं की मधे काही बोलू नकोस. मी मधे काही बोललो नाही. भाजी वाढता वाढता तिने खाली मान घालून विचारलं. तिला असलं काही समोर बघून विचारता येत नाही, लहानपणापासून.

"नाना, नका ना जाऊ. इथेच राहा आता कायमचे."

नानांनी घास संपवला. पाण्याचा पेला जवळ ओढला. ताट घेऊन उठले आणि हात धुवायला गेले.

बायको वाढायचा चमचा हातात धरून बसून राहिली. मागाहून भांडी आवरताना म्हणाली, "नाही म्हणाले असते तरी चाललं असतं रे."

मी तिला सांगितलं की वयस्कर माणसं मौनातून संमती देतात. तिने भांडं जरा जोरात ठेवलं.

२६ तारीख, गुरुवार

हे नीट लिहून ठेवायला हवं.

काल नानांनी रेकॉर्डी बॅगेत भरल्या. बायको दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलते, ते तेवढंही बोलत नाहीत. आज दुपारी मी खटका खाली केला आणि ठरवलं की आपणच जाऊन बोलावं. जावयाचं ऐकतात कधी कधी. दार वाजवलं. नेहमीप्रमाणे उत्तर नाही. कडी लावायला बायकोने बंदी केलेली आहे, म्हणून ढकललं.

झोपले नव्हते. दाराकडे पाठ करून पलंगावर बसले होते आणि मांडीवर ती डबी होती. झाकण उघडत होते, लावत होते. प्लग काढून त्यावर फुंकर मारली, पुन्हा बसवला, पुन्हा डबीत वाकून पाहिलं. डबीत घेवड्याच्या दाण्यांएवढ्या दोन वस्तू होत्या.

मी "नाना" म्हणालो. मग मोठ्याने म्हणालो. मग पत्रकार परिषदेत नगराध्यक्षांना हाक मारतो तशी मारली. तीन हातांवर बसलेल्या माणसाची मान वळली नाही.

त्यांनी डबी बाजूला ठेवली. उशाशी त्यांचा नादकाटा असतो, पियानो लावायचा. तो गुडघ्यावर मारला आणि त्याचं बूड कानामागच्या हाडावर टेकवलं. डोळे मिटले. काटा वाजतोय तोवर त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून सैल होताना मला दिसल्या. वाजायचा थांबला, पुन्हा मारला.

मी पावलं न वाजवता मागे आलो. किती मूर्ख. पावलं वाजली असती तरी काय होणार होतं.

बोर्डापाशी गेलो आणि खटका वर केला. दिवाणखान्यात भुंगा सुरू झाला. इतका गोड आवाज मी या स्टिरिओतून कधी ऐकला नव्हता. कान, म्हणजे ती ऐकायची यंत्रं, बाहेर काढून डबीत चार्जिंगला ठेवलेली असतात तेव्हाच तो येतो, आणि ज्या एका माणसाला त्याचा सूरसुद्धा सांगता आला असता, त्याला तेव्हा तो ऐकू येणं शक्य नाही. सगळं माझ्यासमोर मांडलेलं होतं. मीच ते हसून खोडलं. आणि मग कुठे दोष सापडला म्हणून विजयोत्सव करून सहा दिवस म्हाताऱ्याचे कान उपाशी ठेवले.

२६ तारीख, पुढे

संध्याकाळी बायको यायच्या आधी नाना बाहेर आले. पाठीमागून मी हळूच खुर्ची सरकवली, लगेच वळून पाहिलं. बरं वाटलं.

मी म्हटलं, "नाना, दुपारचा भुंगा सापडला. तुमच्या खोलीच्या लाइनीवर होता. इतके दिवस दुपारी मी तिथली वीजच बंद करून ठेवत होतो. तुम्हाला न विचारता."

त्यांचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला नाही, कानाकडे गेला.

"म्हणजे डबी बिघडलेली नाही."

"नाही."

"मला वाटलं, हेही गेलं आता."

मी पायांकडे बघत बसलो. मग त्यांनी विचारलं, "कसा होता आवाज?"

मी ओठ मिटून भुंगा काढून दाखवला. त्यांनी डोकं कलतं केलं आणि पुन्हा काढायला लावला. म्हणाले, 'बी फ्लॅट'च्या जवळपास असावा, पण तुमच्या नाकातून आल्यामुळे खात्री नाही. मग त्यांना एकाएकी हसू आलं.

"म्हणजे मी कान काढून ठेवतो, आणि ते तुमच्या दिवाणखान्यात ओरडत बसतात."

मंगळवारी जेवताना त्यांना काही विचारलं गेलं होतं, एवढंच मी सांगितलं. काय, ते सांगितलं नाही. ते माझं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. "मी बघितलं नाही तिच्याकडे," म्हणाले. "ओठ बघितले की कळतं मला."

बायको दारात चपला काढत होती तेव्हाच त्यांनी तिला हाक मारली. "मंगळवारी तू मला काही विचारलंस म्हणे. पुन्हा विचार. इकडे, समोर बसून." आणि डाव्या कानामागून तो दाणा काढून तिच्या तळहातावर ठेवला.

मी चहा करायला आत गेलो. चहाला नको इतका वेळ लावला. "वर्षभर मी हेच सांगत होते ना" हे तिचं ऐकू आलं आणि "म्हणून तर तुला सांगितलं नाही" हे त्यांचं. मी कप घेऊन गेलो तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि ती त्यांच्या कानामागे तो दाणा उलटा बसवत होती. उत्तर काय मिळालं ते कळलं नाही. रात्री विचारलं तर म्हणाली, "बघू म्हणाले."

३० तारीख, सोमवार

डबी आता रात्री स्वयंपाकघरात, फ्रिजवर, सगळ्यांच्या देखत असते. दुपारी भुंगा येत नाही. चुकल्याचुकल्यासारखं होतं, पण हे घरात बोलून दाखवलेलं नाही.

भरलेली बॅग दाराशी होती. बायको कामावर जाताना तिच्याकडे न बघता गेली. जेवणानंतर नाना खोलीत गेले नाहीत. बॅग उघडली, वरचीच रेकॉर्ड काढली, पियानोची. मी लावली. ते नादकाटा गुडघ्यावर मारून, जबड्याला टेकवून ऐकत बसले. स्टिरिओतून पियानो, हाडातून काटा. पहिली बाजू संपेपर्यंत हलले नाहीत.

"तबकडी हळू फिरतेय," म्हणाले.

मी म्हटलं, मला तर काही जाणवत नाही.

"तुम्हाला कशाला जाणवेल? केसभर उतरलाय. सगळा पियानो उतरलाय." ते चांगलेच चिडले होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घरचं बेसूर सहन केलं नाही, आता मुलीच्या घरचं करायचं? हे निस्तरल्याशिवाय मी इथून हलत नाही, असं म्हणून त्यांनी बॅगेतल्या उरलेल्या रेकॉर्डीही काढून शेल्फात लावल्या. किल्ली खिशातून काढून अॅम्प्लिफायरवर ठेवली, कारण वाकताना टोचत होती.

ते आत गेल्यावर मी तबकडी उचलून पाहिलं. खालचा रबरी पट्टा सैल झाला आहे, बस. डेसिबलला फोन केला आणि विचारलं की असा पट्टा आणखी किती काळ चालेल. तो म्हणाला, चालायला काय, वर्षानुवर्षं चालेल, जरा हळू चालेल इतकंच. पण नवा लगेच मिळतो, दुकान कचेरीच्या खालीच आहे, उद्या घेऊन येऊ का?

मी म्हटलं, इतकी घाई नाही.